कात्रीसाहेबांची बारा मिनिटं

रस्त्याने जाणारा माणूस दिसला की तुम्हाआम्हाला त्याचा चेहरा दिसतो, कपडे दिसतात, ओळखीचा असेल तर त्याला टाळता येईल का हेही मनात येऊन जातं. काकांना फक्त आकडा दिसायचा. चिंचवड स्टेशनच्या बाहेर उभं राहून ते मला सांगत, "तो पिशवीवाला बघा, पंचाऐंशी. मागची ती बाई एकशेदहा, गाडी चुकणार असं तिला वाटतंय. आणि हे जावईबापू साठ. सासरी निघालेत, पण मनातून नाही." शंभर म्हणजे धडधाकट माणसाची, हातात ओझं नसताना, सपाट रस्त्यावरची सहज चाल. उरलेली सगळी दुनिया त्या शंभराच्या वर तरी होती किंवा खाली तरी. मला एकदा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही दवाखान्यात येताना नव्वद असता आणि घरी जाताना एकशेवीस." मला राग आला, कारण ते खरं होतं.

काका माझे नात्यातले कोणी नव्हेत. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखाने भराभर उभे राहत होते, त्या काळात ते एका मोठ्या फौंड्रीत टाइम स्टडी खात्यात होते. कामगाराच्या शेजारी उभं राहायचं, एक नग करायला त्याला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं आणि त्यावरून प्रत्येक नगाची वेळ ठरवून द्यायची, हे त्यांचं काम. त्या ठरलेल्या वेळेला कारखान्यात 'रेट' म्हणत. काका एखाद्या खात्यात येऊन गेले की तिथली वेळ कमी व्हायची, म्हणजे त्याच पगारात जास्त नग काढावे लागायचे, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव 'कात्री' ठेवलं होतं. पुढे तोंडदेखलं 'साहेब' जोडलं गेलं एवढंच. त्यांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे. "बोथट म्हणाले असते तर मला लागलं असतं," असं ते म्हणायचे.

निवृत्त होताना कंपनी माणसाला भिंतीवरचं घड्याळ देते. यांनी ते घेतलं नाही. "माझं हातातलंच द्या," म्हणाले, आणि ज्या स्टॉपवॉचवर वीस वर्षं लोकांचा तळतळाट घेतला तेच घरी घेऊन आले. त्या घड्याळात सेकंद नव्हते. मिनिटाचे शंभर भाग होते आणि काकांचा सगळा संसार त्या शतांशात चालायचा. काकूंनी मला सांगितलं होतं की लग्नानंतर चौथ्या वर्षी ते वेळा लिहायचा लाकडी बोर्ड घेऊन चुलीपाशी उभे राहिले आणि भाकरी थापताना त्यांचा डावा हात उगाच कसा फिरतो ते समजावून सांगू लागले. काकूंनी पुढची भाकरी त्या बोर्डावरच थापली. "मग काय केलंत?" मी काकांना विचारलं. "काय करणार? वेळ लिहून ठेवली," ते म्हणाले.

माझी त्यांची गाठ पडली ती पेशंट म्हणून. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नवी डॉक्टर, चिंचवडच्या एका छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात छातीच्या रोग्यांची ओपीडी बघत होते. काकांना जिना चढताना धाप लागायची, सकाळी खोकल्याची उबळ यायची. आयुष्यात विडी ओढलेली नाही. पण वीस वर्षं ग्राइंडिंग शॉपमध्ये, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग जिथे घासून साफ करतात तिथे, बोर्ड घेऊन उभे राहिलेले. कामगारांच्या नाकात जी धूळ गेली तीच यांच्याही. मी त्यांच्या पाठीला नळी लावून तपासत होते, इतक्यात टक् असा आवाज आला.

"उजवीकडे चाळीस शतांश ऐकलंत, डावीकडे पंचवीसच," काका म्हणाले. "डावी बाजू फुकट आहे का?"

मी दात-ओठ खात पुन्हा डावीकडे नळी लावली. तिथे खरोखर ऐकण्यासारखं होतं.

महिन्याभरात ते पेशंटचे जणू दवाखान्याचे कर्मचारीच होऊन बसले. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. सकाळी नऊला पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, डाव्या हातावर बोर्ड आणि बोर्डाच्या डोक्यावर अडकवलेलं घड्याळ अशी स्वारी हजर. पहिल्या आठवड्यात त्यांनी कंपाउंडरच्या बाटल्यांची मांडणी बदलली. खोकल्याचं औषध जास्त जातं, तर ते हाताशी हवं, मलम वरच्या फळीवर. कंपाउंडर तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने मला हळूच सांगितलं की हल्ली जेवायला पंधरा मिनिटं जास्त मिळतात, पण हे त्यांना कळू देऊ नका.

त्यांचा खरा उपयोग झाला तो मागच्या व्हरांड्यात. छातीच्या रोग्याला सपाट जागेत बारा मिनिटं चालवावं आणि तो किती अंतर जातो ते मोजावं, म्हणजे त्याला रोजच्या जगण्यात किती दम उरलाय ते कळतं, असं मी शिकताना सरांकडून ऐकलं होतं. मला ते फार आवडलं होतं. फुंकायच्या यंत्रात माणूस घटकाभर फुंकतो, पण जगताना तो चालत असतो. मी व्हरांडा शिंप्याच्या टेपने मोजला, दोन्ही टोकांना खडूने रेघ मारली आणि रोग्यांना चालवायला लागले. वहीत आकडे जमले, पण त्यातून अर्थ काही निघेना. एक्सरेत ज्याची छाती चाळणी झालेली तो आणि ज्याला नुसता दमा तो, दोघं सारखंच अंतर जायचे.

काकांनी आधी शिंप्याची टेप खिडकीबाहेर टाकली. पोलादी टेप आणून व्हरांडा पुन्हा मोजला, तर तो सव्वा हाताने कमी भरला. मग लाल रंगाच्या रेघा आल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलं. मला सवय होती, रोगी समोरून आला की "शाब्बास, छान चाललंय" म्हणायची. "तुमच्या प्रत्येक शाब्बासला तो पाचने वाढतो," काका म्हणाले. "तुम्ही त्याचं चालणं मोजताय की स्वतःचं कौतुक?" त्या दिवसापासून व्हरांड्यात बोलायला बंदी.

एवढं करून ते तीन दिवस नुसते बघत उभे राहिले. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर वही ठेवून म्हणाले, "ही सगळी पानं फाडून टाका."

"का?"

"तुमचे निम्मे पेशंट कारखान्यातले. घड्याळ घेतलेला माणूस दिसला की हात आखडता घ्यायचा, हे त्यांना नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. जोरात काम दाखवलं की रेट कापला जाणार. वीस वर्षं माझ्यापुढे हेच नाटक झालंय. इथेही ते तुमच्यापुढे नाहीत, घड्याळापुढे चालतायत. घड्याळ दिसलं की पाय आपोआप जड होतात त्यांचे."

यावर उपाय त्यांच्याच धंद्यातला होता. नुसतं एकूण अंतर लिहायचं नाही, प्रत्येक फेरीची वेळ वेगळी लिहायची. खरा रोगी पहिल्या फेऱ्या बऱ्या चालतो, मग फेरीगणिक वेळ वाढत जाते, मध्ये थांबतो, पुन्हा निघतो. मुद्दाम हळू चालणाऱ्याच्या फेऱ्या मात्र शेवटपर्यंत सारख्या. "खोटं हळू चालायलासुद्धा छातीत दम शिल्लक लागतो," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी पुढे कित्येक शिकाऊ डॉक्टरांना ऐकवलं आणि दर वेळी ते कुणाचं आहे हेही सांगितलं.

बबन आला तो या व्हरांड्यात. रहाटणीचा, चाळिशीचा, काकांच्याच फौंड्रीत ग्राइंडिंगला सोळा वर्षं काढलेला. गेलं वर्षभर त्याला धाप लागत होती. त्याने हलकं काम मागितलं होतं, स्टोअरमध्ये, जिथे धूळ नाही. कंपनीच्या डॉक्टरांचं म्हणणं, हा ढोंग करतोय, यंत्रात मुद्दाम कमी फुंकतो. शेवटी बाहेरच्या डॉक्टरचं मत घ्यायचं असं ठरलं आणि तो कागद माझ्याकडे आला. मी धडधाकट लिहिलं तर बबन पुन्हा ग्राइंडरवर जाणार, आणि त्या धुळीत तो किती दिवस काढेल हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. अगदीच निकामी लिहिलं तर नोकरीवरून घरी. बायको, तीन मुली, म्हातारी आई. मधली वाट एकच, तो आजारी आहे पण बसून करायचं काम करू शकतो, आणि ते मला दाखवून द्यायचं होतं.

बबन चालला. बारा मिनिटं, संथ, एका लयीत. पहिली फेरी आणि शेवटची फेरी यांत फरक नाही. मी कागद बघितला आणि माझं मन खट्टू झालं. म्हणजे कंपनीचे डॉक्टर म्हणतात तेच खरं.

"खोटा चाललाय," काका म्हणाले. "पण आजारी आहे."

"दोन्ही कसं असेल?"

"चपला घालायला वाकला तेव्हा बघितलंत का? उठल्यावर 'येतो बाई' एवढं म्हणायला त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला. चालण्याचं नाटक येतं त्याला, बोलण्याचं कुठून येणार? वेड्याने आजारी दिसण्यासाठी इतकं हळू चालून दाखवलं की त्याला दमच लागला नाही. स्वतःच्या हाताने पुरावा पुसलाय."

त्याला पुन्हा बोलावलं. यावेळी त्याने काकांना नीट न्याहाळलं आणि व्हरांड्याच्या तोंडाशीच थांबला.

"बाई, ह्या मानसापुढं मी चालायचा न्हाई."

"का रे?"

"हा कात्री हाय. आमच्या खात्याचा रेट ह्यानंच कापला. आता माजं बी कापाया आलाय व्हय?"

मला वाटलं काका चिडतील. त्यांनी बोर्ड हातावरून काढला, घड्याळासकट बबनच्या हातात दिला आणि वर एक पेन्सिल ठेवली. "मी चालतो, तू मोज," म्हणाले. "रेघ ओलांडली की हे बटण दाबायचं, काटा वाचायचा, लिहायचं. मला कुठलीही सवलत द्यायची नाही."

सोळा वर्षं ज्या घड्याळाची धास्ती घेतली ते बबनच्या तळहातावर आलं. त्याने ते आधी उलटंसुलटं करून बघितलं. मग काका निघाले. पहिल्या फेऱ्या ताठ, ऐटीत. पाचव्या मिनिटाला खांदे वर आले. सातव्याला पावलं तुटायला लागली. आठव्याला ते भिंतीला हात लावून उभे राहिले, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. बबनने नकळत एक पाऊल पुढे टाकलं. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. बोलायला श्वास मिळेपर्यंत थोडा वेळ गेला.

"घड्याळ बंद करू नको. थांबलेला वेळही धर."

बारा मिनिटं पुरी झाल्यावर ते बाकावर बसले आणि हात पुढे करून कागद मागितला. बबनने आकडे व्यवस्थित लिहिले होते. काकांनी ते वाचले, एका ठिकाणी बोट ठेवून "इथे तू उशिरा दाबलंस" म्हणाले, आणि बोर्ड आपल्या हातावर घेतला. "आता तू. घाईची शिफ्ट असल्यासारखा चाल. दम संपला तर संपू दे, डॉक्टर आहेत इथे."

बबन तसाच चालला. पहिल्या तीन फेऱ्या तर त्याने काकांपेक्षाही वेगात काढल्या. मग त्याची धाप व्हरांड्याच्या त्या टोकावरून ऐकू यायला लागली. सातव्या मिनिटाला तो थांबला, निघाला, पुन्हा थांबला. दहाव्याला खाली बसला. ओठ काळेनिळे पडले होते. मी धावले, नाडी बघितली, पाठीला हात लावून बसले. काका रेघेपाशी उभे राहून बारा मिनिटं पुरी होईपर्यंत लिहीत होते. त्या क्षणी मला त्यांचा संताप आला होता, हे कबूल करते. नंतर कागद बघितला तेव्हा कळलं की त्यातला एक जरी आकडा गाळला असता तर बबनचं नुकसान झालं असतं.

कंपनीच्या ऑफिसात बैठक झाली. टेबलापलीकडे कंपनीचे डॉक्टर आणि नव्यानेच आलेले तरुण पर्सोनेल ऑफिसर. अलीकडे मी, बबन आणि काका. काकांच्या आग्रहाने मी दोन्ही कागद पुढे ठेवले, बबनच्या खोट्या चालीचा आणि खऱ्या चालीचाही. काकांनी दोन्हींतला फरक फेरीफेरीने समजावून सांगितला. पगारवाढीचा कागद वाचावा तसे ते आकडे वाचत होते.

"चालणं हा काय पुरावा झाला?" कंपनीचे डॉक्टर म्हणाले.

ऑफिसरांनी कागद दोन बोटांनी उचलला. "आणि ही मापं घेतली कुणी? पेन्सिलीने लिहिलेली? अशा मापांवर कंपनीने विश्वास ठेवायचा?"

काका शांतपणे म्हणाले, "ग्राइंडिंग शॉपच्या रेटची फाइल मागवा."

फाइल आली. ऑफिसरांनी उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. प्रत्येक पानावर तीच वळणदार पेन्सिल, त्याच चौकटी, आणि खाली तीच सही जी माझ्या कागदाखाली होती.

"हेच घड्याळ, हाच हात," काका म्हणाले. "माझं माप चुकत असेल तर या फाइलमधले सगळे रेट चुकलेत. तसं कंपनीने लिहून द्यावं. मी आत्ता सही करतो."

कंपनीचे डॉक्टर फाइलकडे बघत राहिले, ऑफिसर डॉक्टरांकडे. मग ऑफिसरांनी शिपायाला चहा सांगितला आणि बबनचा अर्ज स्वतःकडे ओढला. चहा संपायच्या आत बबनची स्टोअरमध्ये बदली झाली होती. त्या खुर्चीवर बसून मला इतका अभिमान वाटला की चहात साखर नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. ज्या माणसाला सगळा कारखाना शिव्या घालत आला, त्याचा कडवा काटेकोरपणा आज एका कामगाराच्या पाठीशी भिंत होऊन उभा राहिला होता, आणि ती भिंत मी माझ्या व्हरांड्यात उभी राहताना बघितली होती.

आम्ही तिघं गेटबाहेर आलो आणि बसस्टॉपपर्यंत सावकाश चाललो. बबनच्या हातात बदलीचा कागद होता. तो त्याने चार वेळा उघडून पुन्हा घडी घातला. स्टॉपवर आल्यावर तो काकांसमोर उभा राहिला.

"साहेब, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचार."

"तवा आमचा रेट कापला, त्यो बराबर व्हता का?"

वीस वर्षांत त्यांनी आपला एकही आकडा मागे घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं, बबनलाही ठाऊक होतं.

"वेळ बरोबर घेतली होती," ते म्हणाले. "पण नुसती वेळ धरत नाहीत. त्यावर सूट द्यायची असते, थकव्याची, उष्णतेची, धुळीची. धुळीची सूट मी पाच टक्के धरली. जास्त धरायला हवी होती. मी तिथेच उभा होतो, धूळ मला दिसत होती. चुकलं माझं."

मी पुढे मोठ्या इस्पितळांत, मोठ्या नावाच्या माणसांच्या हाताखाली काम केलं. 'चुकलं माझं' हे शब्द इतक्या सरळ आवाजात, ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडावर, मी दुसऱ्या कुणाकडून ऐकले नाहीत. माणसाचा अभिमान वाटावा तो अशा वेळी.

बबन खाली बघतच म्हणाला, "आता खरं सांगायचं तर साहेब, आमी बी तवा तुमाला लई हळू काम दावलं व्हतं. निम्म्यानं."

"माहीत होतं," काका म्हणाले. "तेही मी धरलं होतं."

बबनने मान वर केली. आधी त्याला हसू फुटलं, मग काकांना. काकांना इतकं मोकळं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. हसता हसता दोघांनाही धाप लागली. बबन स्टॉपच्या कट्ट्यावर बसला, त्याच्या खांद्याचा आधार घेत काका शेजारी टेकले, आणि एकाचा खोकला थांबला की दुसरा पुन्हा हसायला लागायचा. इतक्यात बस आली. कंडक्टर दारातून आमच्याकडे बघत होता. मी हाताने त्याला पुढे जायला सांगितलं.